गिरजाबाईचं खटलं

"वकिलीनबाई, तुमची मोठी मुकी हाये का वो?"

न्हाणीच्या दाराआड मी केस पुसत उभी होते, तिथे मला हे ऐकू आलं. विचारणारी गिरजाबाई होती. पाटावर दोन्ही पाय पसरून बसलेली, पायांवर माझी महिन्याची बहीण पालथी घातलेली, आणि तेलाचे हात बाळाच्या पाठीवरून खालीवर चाललेले. आई बाजेवर शेकत पडली होती. तिने हसून सांगितलं, मुकी कसली, नागपूरच्या शाळेत फाडफाड इंग्रजी बोलते, बोलण्याची बक्षिसं आणते. गिरजाबाईने बाळ उताणं केलं, त्याच्या नाकाला तेलाचं बोट लावलं आणि "म्हंजे मराठीत मुकी," एवढं म्हणून पाण्याचा तांब्या उचलला. बाळ रडायला लागलं, आई पुन्हा हसली. मी मात्र त्या दोघींचं बोलणं दुसरीकडे वळेपर्यंत ओल्या केसांनी तिथेच उभी राहिले.

तिचं काही चुकलं नव्हतं. सातव्या वर्षी मला नागपूरला मिशनच्या गोऱ्या जोगिणींच्या शाळेत ठेवलं होतं. तिथे मराठी बोललेलं चालत नसे. वर्षातून दोनदा मी मेहकरला घरी येई, आणि आले की पहिले आठ दिवस माझ्या तोंडून वाक्य पुरं होत नसे. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये मी कुठेतरी हरवून जाई, आणि हरवण्यापेक्षा गप्प राहणं मला सोयीचं वाटे. त्या हिवाळ्यात शाळेचं माझं शेवटचं वर्ष होतं. नाताळच्या सुटीला आले ती आईच्या बाळंतपणामुळे थोडी जास्त राहिले. घर नुसतं आवाजांनी भरलेलं. सकाळी जिनिंगचा भोंगा, मग रस्त्याने कापसाच्या गाड्यांची रांग, मग ओसरीवर वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, पक्षकारांचं खोकणं आणि जोडे काढणं. आत चुलीपुढे आत्या. नानांची ही मोठी बहीण, विधवा होऊन आली तेव्हापासून स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. तिच्या हातची ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि कढीगोळे यांची आठवण मी नागपूरला पावाच्या तुकड्यांवर काढत असे. ती मला पानावर बसवून आग्रहाने वाढी, आणि मी खाली मान घालून खाई. बोलण्यापेक्षा खाण्याने माझं प्रेम तिला कळत असावं.

शाळेत मात्र मी वेगळी मुलगी होते. इंग्रजीत उभं राहून बोलायचं असलं की माझा आवाज मला ओळखू येत नसे, इतका तो स्वच्छ लागे. आम्हाला बोलायला शिकवणाऱ्या बाईंची एक शिस्त होती. पाठ ताठ. नजर लोकांच्या डोक्यावर वीतभर. आणि शब्द चुकला तरी थांबायचं नाही, चेहऱ्यावर दाखवायचं नाही, बरोबरच बोललो अशा थाटात पुढे जायचं. ऐकणाऱ्याला कळत नाही. मी ती शिस्त इतकी अंगी बाणवली की पुढे चाळीस वर्षं वर्गात उभी राहिले तरी कुणी माझा आवाज कापलेला ऐकला नाही. आजही घरी येणारे लोक नातींना माझं उदाहरण देतात. आजीसारखा आत्मविश्वास हवा, म्हणतात. मी चहाचा विषय काढते.

तर त्या हिवाळ्यात बुलढाण्याच्या मोठ्या साहेबांची मेम दौऱ्यावर येणार अशी बातमी आली. अमरावतीच्या दवाखान्यात दायांना शिकवण्याची काही योजना निघाली होती. प्रत्येक तालुक्यातून एक दाई निवडायची, सहा महिने तिथे ठेवून शिकवायची, आणि परत आली की गावच्या दवाखान्यात तिला महिन्याच्या पगाराची कायमची जागा. मेमसाहेब ही निवड स्वतः करत होत्या. आमच्या गावातून दोन नावं होती. एक बांगडीवाल्यांच्या मोहल्ल्यातली जैनबबी आणि दुसरी गिरजाबाई. गिरजाबाईच्या हातावर गावातली निम्मी लेकरं जन्मली होती. पण त्याबद्दल तिला मिळे ते सूपभर धान्य, एखादं जुनेर आणि बारशाचं जेवण. पगाराची जागा म्हणजे तिच्या घरात बारा महिने चूल पेटण्याची हमी होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. ती आईला तेच सांगत असे, बाळाच्या अंगाला हळद लावता लावता.

अडचण दुभाष्याची होती. बाळंतपणाचं बोलणं, तिथे कारकून बसवला तर बाया तोंड उघडणार नाहीत. तहसीलदारसाहेब नानांकडे आले आणि म्हणाले, तुमची मुलगी आहे की. नाना क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. नाही म्हणावं असं फार वाटलं, पण नाही म्हणायलाही मराठी वाक्य लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी आईने पेटीतलं तिचं मोरपंखी जरीकाठी पातळ काढून दिलं. मला ते नीट नेसता येईना, आत्याने नेसवलं. डाक बंगल्यापर्यंत मी नानांच्या मागे मागे चालत गेले, आणि वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. पण आतल्या खोलीत मेमसाहेबांनी इंग्रजीत माझं नाव विचारलं आणि सगळं बदललं. माझी पाठ आपोआप ताठ झाली. नाना आणि तहसीलदार बाहेर व्हरांड्यात बसले होते. आत आम्ही बायकाच.

जैनबबी आधी आली. मेमसाहेबांना खानसाम्याशी बोलून बोलून तुटकं हिंदुस्तानी येत होतं, आणि जैनबबी उर्दूमिश्रित बोले, त्यामुळे त्या दोघींचं परस्पर जमलं. मी नुसती बसून होते. जैनबबीने सगळं मुद्देसूद सांगितलं. मग गिरजाबाई आली. पांढरं लुगडं धुऊन नेसलेली, डोक्यावर पदर. मला पाहून तिचा जीव भांड्यात पडला, हे मला दिसलं. नाळ कशाने कापतेस, पाणी उकळतेस का, बाई अडली तर काय करतेस, हे सगळं मेमसाहेबांनी विचारलं, मी जमेल तशा मराठीत सांगितलं, तिने वऱ्हाडीत उत्तर दिलं, मी इंग्रजीत केलं. इंग्रजीत एकदाही अडखळले नाही. मेमसाहेब मान हलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, सहा महिने अमरावतीला राहावं लागेल, घरची काही अडचण?

"अडचन काय वो ताई, माह्यं खटलं मोठं हाये. पन मी येईन," गिरजाबाई म्हणाली.

आमच्या ओसरीवर हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येई. वकिलाच्या घरात दुसरं काय ऐकू येणार? खटला उभा राहिला, खटला पुढे ढकलला. खेड्यातले लोक त्याला खटलं म्हणतात, एवढं मला आपलं वाटलं. मी सांगितलं, हिचा कोर्टात मोठा खटला चालू आहे, पण ही येईल.

मेमसाहेबांची लेखणी थांबली. कधीपासून चालू आहे, त्यांनी विचारलं. मी गिरजाबाईला म्हटलं, कधीपासून? ती म्हणाली, मालक मेले तेव्हापासून, आठ वर्षं झाली. त्यात किती जण आहेत? अकरा. चालवतं कोण? "मीच वढून राह्यली एकटी," ती म्हणाली. मेमसाहेबांनी थोडं पुढे झुकून विचारलं, मग हे संपणार कधी? हा प्रश्न मी मराठीत केला तेव्हा गिरजाबाई हसली. तिला तो विनोदच वाटला असणार.

"ते कसं संपते वो? मी मेल्यावर."

मी इंग्रजीत सांगितलं की मरेपर्यंत ती हा खटला सोडणार नाही. पाठ ताठ ठेवून, स्वच्छ शब्दांत सांगितलं. एका क्षणी, ती हसली त्या क्षणी, मला कुठेतरी काहीतरी खटकलं होतं. अकरा माणसांविरुद्ध आठ वर्षं कोर्टात लढणारी बाई अशी हसते का? पण थांबून तिला विचारायचं, म्हणजे मला एक शब्द येत नाही हे दोघींसमोर कबूल करायचं. मी थांबले नाही. मेमसाहेबांनी वहीत तिच्या नावापुढे एक शब्द लिहिला. मला तो उलट्या बाजूने वाचता आला. कज्जेखोर, अशा अर्थाचा तो शब्द होता. त्यांनी वही मिटली आणि गिरजाबाईला हसून निरोप दिला. गिरजाबाईने दोन्ही हात जोडले, आधी त्यांना आणि मग मला.

व्हरांड्यात येऊन मेमसाहेबांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं. इतक्या लहान वयात असा स्थिरपणा आपण कॉलेजातल्या मुलींतही पाहिला नाही, म्हणाल्या. तहसीलदारांनी ते नानांना मराठीत पुन्हा सांगितलं, नानांना इंग्रजी येत असूनही. नाना कधी कुणाची स्तुती करणारे नव्हते. पण परतताना ते बाजाराच्या रस्त्याने गेले, आणि हळू चालले, आणि जो भेटेल त्याच्यापाशी थांबले. मी त्यांच्या बाजूने चालत होते. मागे नव्हे, बाजूने. ते चालणं आयुष्यातलं माझं सर्वांत आनंदाचं चालणं होतं, हे लिहितानाही लाज वाटते, पण होतं.

जेवायला बसलो तेव्हा नानांनी जाहीर केलं की उद्या-परवा तहसीलदारांना सहकुटुंब जेवायला बोलवायचं. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांचं खटलं केवढं आहे, ते आधी सांग. त्या मानाने पुरण घालते."

माझा हात पानावरच राहिला. मी विचारलं, खटलं म्हणजे काय? कोर्टातलं?

"अगं, घरची माणसं. बायको, लेकरं, म्हातारी-कोतारी, सगळा पसारा," आत्या म्हणाली. "तुला बरी खटलं म्हटलं की कचेरीच दिसते."

नाना मोठ्याने हसले. आतून आईही हसली. वकिलाची लेक शोभते, असं काहीतरी कुणी म्हणालं. मी का विचारलं, हे कुणी विचारलं नाही. मी घास उचलला आणि तोंडात घातला, आणि तो गिळेपर्यंत सगळं लख्ख कळलं होतं. आठ वर्षं. अकरा तोंडं. एकटी ओढते. मरेपर्यंत. गावात दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकलेली मी एकटी होते. मेमसाहेबांना मराठी येत नव्हतं, गिरजाबाईला इंग्रजी. मी सांगितल्याशिवाय हे जगात कुणालाही कधीच कळणार नव्हतं. आणि हा विचार मनात आला तेव्हा मला भीतीबरोबर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

डाक बंगला आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. मेमसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होत्या. म्हणजे सबंध दुपार माझ्या हातात होती. ती मी कशी घालवली हे मला नीट आठवतं. आधी बाळाचा पाळणा हलवला. मग नानांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ते कुणाला तरी माझंच सांगत होते. मी परत फिरले. मग मी स्वतःशी युक्तिवाद सुरू केला. म्हटलं, जैनबबीही गरीबच आहे, तिच्या तोंडचा घास का काढायचा? म्हटलं, निवड कदाचित गिरजाबाईचीच झाली असेल. म्हटलं, आता सांगितलं तर नानांची मान खाली जाईल, आणि त्यांच्यासाठी तरी गप्प राहिलं पाहिजे. सगळी कारणं दुसऱ्यांची होती. पाच वाजता टपालाची मोटार भोंगा वाजवत रस्त्याने गेली, तो मी खिडकीत उभी राहून ऐकला.

दिवे लागायच्या आधी मागच्या दाराने गिरजाबाई आली. बाळाला न्हाऊ घालायची ती वेळ नव्हती. पळसाच्या पानांत तिने ओल्या तुरीचे सोले आणले होते, स्वतः शेंगा सोलून. आत्याच्या हातात पुडा देऊन ती मला म्हणाली की आज तू माझ्यासाठी फार बोललीस. मी एक शब्द बोलले की तू चार शब्द बोलत होतीस, म्हणाली, मला समजत होतं तू सगळं चांगलंच सांगतेस म्हणून. आणि मग आईकडे वळून, "एवढं त माह्या मायनंबी नसतं बोललं माह्यासाठी."

मी म्हटलं, नाही, तसं काही नाही. तो विनय आहे असं सगळ्यांना वाटलं. गिरजाबाईने माझ्या डोक्यावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली आणि ती गेली. आत्याने त्या सोल्यांची आमटी केली, लसूण-मिरची वाटून घातलेली. मी ती खाल्ली. खरं सांगायचं तर मला आवडली, आणि आत्याने विचारलं तेव्हा मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मेमसाहेबांसमोर जे चुकलं ते अज्ञान होतं. त्यासाठी मी स्वतःला केव्हाच माफ केलं आहे. त्या दुसऱ्या वाढणीसाठी मला अजून माफ करता आलेलं नाही.

सकाळी डाक बंगल्यापुढे निरोपाला तहसीलदारांसह बरीच माणसं जमली होती. नाना मला घेऊन गेले. मेमसाहेबांनीच बोलावलं होतं म्हणे. कडुनिंबाखाली गिरजाबाई उभी होती, थोड्या अंतरावर जैनबबी. मेमसाहेब मोटारीशी आल्या, माझा हात हातात घेतला, आणि त्या काहीतरी चांगलं बोलू लागणार हे दिसलं. ते ऐकवलं नसतं. मी मध्येच बोलले. इंग्रजीतच, पण ती इंग्रजी माझ्या ओळखीची नव्हती. शब्द मागे पुढे होत होते, एक वाक्य मी तीनदा सुरू केलं. नजर कुठे ठेवावी ते कळेना, मी मोटारीच्या चाकाकडे पाहून बोलले. खटलं म्हणजे काय ते सांगितलं. अकरा म्हणजे कोण ते सांगितलं. बाजूला नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांना सगळं समजत होतं.

मेमसाहेब रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, हे तुला केव्हा कळलं? मी म्हटलं, काल दुपारी जेवताना. मग म्हणाल्या की यादी सही होऊन काल पाचच्या टपालाने अमरावतीला गेली. तालुक्याला एकच जागा. चार वाजेपर्यंत जरी तू आली असतीस तरी मी कागद फाडून नवा लिहिला असता. पुढल्या वर्षी योजना राहिली तर गिरजाबाईचं नाव मी सुचवीन, पण वचन देता येत नाही. एवढं बोलून त्यांनी माझा हात सोडला. जोराने नव्हे. नुसता सोडला.

मोटार गेली. धूळ खाली बसायच्या आत गिरजाबाई पुढे आली आणि तिने विचारलं, काय म्हणाल्या बाईसाहेब? माझ्या आधी नाना बोलले. पक्षकाराला निकाल सांगताना ते जो आवाज वापरत, त्या आवाजात म्हणाले की जागा जैनबबीला गेली, वरचा हुकूम आहे, त्याला इलाज नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नानांनी ते माझ्यासाठी केलं होतं, आणि माझ्या कोपराला हात लावून ते हळूच म्हणाले, चल. गिरजाबाईने दोनदा मान हलवली. पदराने तोंड पुसलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तीच माझी समजूत काढू लागली.

"तू काऊन रडते पोरी? तू त लय बोलली. तुहा काय दोष?"

कडुनिंबाखालची माणसं पाहत होती. जैनबबी पाहत होती. नानांचा हात अजून माझ्या कोपरावर होता. मेमसाहेबांना सांगितलं ते नाना आणि तहसीलदार सोडले तर तिथल्या कुणालाही समजलं नव्हतं. आता बोलायचं ते सगळ्यांना समजणार होतं. मी नानांचा हात बाजूला केला. वाक्य मनात जुळवायला वेळ घेतला नाही. जसं आलं तसं, माझ्या मोडक्या मराठीत, सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

"दोष माझाच आहे, गिरजाबाई. तुमचं खटलं म्हणजे कोर्टातला खटला, असं मी बाईंना सांगितलं. म्हणून तुमची जागा गेली. काल दुपारीच मला चूक कळली होती. मी सांगायला गेले नाही. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, तेव्हाही मी तुम्हाला सांगितलं नाही."